पंचायतीपर्यंत आलेली तार आणि वाड्याचे अडीच किलोमीटर

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरहून जांबोटी आणि तिथून कणकुंबीकडं जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी आधी काजूच्या बागा लागतात, मग जंगल. त्या पट्ट्यातल्या एका ग्रामपंचायतीत ब्रॉडबँड कसं आलं, आलेलं कसं बंद पडलं आणि पुन्हा सुरू होऊन वाड्यापर्यंत कसं पोचलं, त्याची ही हकीकत. गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. पुढं काही जणांच्या पेन्शनच्या आणि बचतीच्या गोष्टी येतात आणि ती माणसं तिथंच राहतात. माझं काम तांत्रिक सल्ल्यापुरतं होतं, निर्णय गावानं घेतले.

मूळ गाव रस्त्याला लागून आहे. सरकारी मराठी शाळा, आरोग्य उपकेंद्र, पंचायत आणि तिचं ग्रंथालय तिथंच. ओढा ओलांडून चढानं अडीच किलोमीटर गेलं की वाडा, म्हणजे त्याच गावाची वेगळी वस्ती. जांभ्या दगडाची कौलारू घरं, भात-नाचण्याची शेती, थोडा काजू. अमगाव तिथून फार लांब नाही, म्हणजे पाऊस कर्नाटकातल्या सगळ्यात जोरदार पावसांपैकी. वाड्यातली तरुण पोरं गोव्याला किंवा बेळगावच्या उद्यमबागेत कामाला जातात. मागं म्हातारी माणसं, बायका आणि शाळेची पोरं राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यानं तालुक्यात माजी सैनिक पुष्कळ, या वाड्यातही आहेत.

फोन सगळ्यांकडं होते. सिग्नल मात्र देवळाच्या कट्ट्यावर मिळायचा, घरात नाही. 2020 च्या टाळेबंदीत शाळेचा अभ्यास फोनवर आला तेव्हा पोरं वह्या घेऊन त्या कट्ट्यावर बसायची आणि पाऊस सुरू झाला की अभ्यास थांबायचा.

कागदावर जोडलेलं गाव

सरकारी नोंदीत या पंचायतीला ऑप्टिकल फायबर कधीच पोचला होता. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्रानं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली, 2015 मध्ये त्याचं नाव भारतनेट झालं आणि सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायचं ठरलं. तालुक्याच्या ठिकाणच्या यंत्रापासून पंचायतीच्या कचेरीपर्यंत तार न्यायची, तिथं तारेतला प्रकाश वाचून इंटरनेट देणारी एक डबी बसवायची आणि पुढचं जाळं कुणीतरी विणेल, असा तो मूळ आराखडा होता. पुढचं जाळं विणायचं कुणी, हे बहुतेक गावांत कुणाला सांगितलंच नव्हतं.

या पंचायतीतली डबी कपाटामागं भिंतीला होती. तिच्या सॉकेटमध्ये झेरॉक्स मशीनचं प्लग. पंचायतीतल्या लोकांना वाटायचं, तार बंद आहे. तार सांभाळणाऱ्यांना वाटायचं, पंचायतीनं डबीच बंद ठेवली आहे. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं, म्हणून कुणीच तक्रार केली नाही. मी पाहिलेल्या अडचणींमध्ये मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. तांत्रिक बिघाड एका दुपारी सापडला, पण बिघाड शोधायला सांगणारा माणूस दोन पावसाळे नव्हता.

ग्रामसभेत हा विषय आला तो स्त्री शक्ती या बचत गटाच्या संघातल्या बायकांमुळं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार खात्यावर आले का, हे बघायला त्यांना खानापूरला जावं लागे. बायकांना मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळं एसटीचं तिकीट लागत नव्हतं, पण दिवस जायचा. एक काकू उभ्या राहून म्हणाल्या, "पंचायतीत नेट हाय म्हणून फळ्यावर लिहिलंय. मग आम्ही खानापूरला कशाला जाऊलोय?" पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, नवे होते. त्यांनी प्रश्न टाळला नाही आणि लेखी तक्रार दुसऱ्याच दिवशी गेली.

मोरीतला जोड

तंत्रज्ञानं पॉवर मीटर लावला तर पंचायतीत पोचणारा प्रकाश उणे 29 डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण. घरगुती फायबरच्या या पद्धतीत समोरची डबी साधारण उणे 27 पर्यंतचा प्रकाश वाचू शकते. म्हणजे तार तुटलेली नव्हती, ती दमलेली होती. लाल दिवा कधी लागायचा, कधी विझायचा, तो यामुळं.

हिशेब केला तर अंतर दोषी नव्हतं. 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशाला फायबरमध्ये किलोमीटरमागं 0.35 डेसिबलच्या आसपास घट येते. वीस किलोमीटरला सात डेसिबल. आठ वाटा करणारा स्प्लिटर दहा-साडेदहा घेतो. नीट वितळवून केलेला जोड फार तर 0.1 खातो. सगळं धरून एकूण घटीच्या 28 डेसिबलच्या मर्यादेत पुष्कळ जागा उरायला हवी होती. तारेत प्रकाश सोडून घट कुठं होते ते दाखवणारं ओटीडीआर यंत्र लावल्यावर एकाच ठिकाणी मोठी पायरी दिसली. रस्त्याच्या कामात जेसीबीनं तार तोडली होती आणि घाईत केलेला जोड एका मोरीत, पाण्यात पडून होता. पेटी उघडली तर आत चिखल. नवा जोड करून पेटी मोरीच्या वर, उंचावर बसवली. आकडा उणे 20 च्या जवळ आला.

रस्ता खणणाऱ्यानं आधी विचारावं यासाठी केंद्रानं मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप सुरू केलं. पंचायतीनं त्यावर न थांबता एक साधं काम केलं. तार कुठून जाते त्याचा हातानं काढलेला नकाशा कचेरीत लावला आणि हद्दीत खोदाई करायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी दाखवायचा असा ठराव केला. जेसीबीवाले बहुधा आसपासच्याच गावचे असतात, तेही त्या नकाशापाशी थांबू लागले.

ओढ्यापलीकडं

शाळा, उपकेंद्र आणि ग्रंथालय पंचायतीपासून हाकेच्या अंतरावर. तिथं तार नेणं अवघड गेलं नाही. वाडा अवघड होता आणि इथं गावानं बराच वेळ घेतला. घेतला ते बरंच झालं.

पहिला पर्याय, जमिनीखालून फायबर. वाटेत वनखात्याची जमीन. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान सोडून इतर वनात, रस्त्याच्या हद्दीतून, झाड न तोडता, दोन मीटरहून खोल आणि एक मीटरहून रुंद नसलेल्या चरातून फायबर टाकायला केंद्राची सर्वसाधारण मान्यता आहे. भीमगड अभयारण्याची हद्द पलीकडं असल्यानं मार्ग बंद नव्हता. पण चढाची वाट ही नोंदीतला रस्ता नव्हती आणि खाली जांभा खडक. खर्च वाड्यातल्या घरांच्या मानानं फार होता.

दुसरा, विजेच्या खांबांवरून तार. स्वस्त. पण त्या वाटेवर दर पावसाळ्यात फांद्या पडतात, कधी गवीरेड्यांच्या धक्क्यानं जुना खांबच वाकतो. दुरुस्तीला कोण जाणार, हा प्रश्न पुन्हा तिथंच.

तिसरा, बिनतारी दुवा. 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या ठरावीक लहरी केंद्रानं ऑक्टोबर 2018 पासून परवान्याविना वापरायला खुल्या केल्या आहेत. दोन टोकांना दोन छोट्या डिश आणि मधे मोकळी नजर हवी. वाड्यात अनेकांना खात्री होती की पावसात हे चालणार नाही. ही समजूत सगळीकडं आढळते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 10 गिगाहर्ट्झच्या खाली पावसाच्या थेंबांनी होणारी घट अडीच किलोमीटरला नगण्य असते. डीटीएचची छत्री पावसात चित्र घालवते ती त्याहून वरच्या लहरींमुळं. 5 गिगाहर्ट्झचा खरा शत्रू ओली पानं. आणि नुसती नजर मोकळी असून भागत नाही, लहरींना नजरेच्या रेषेभोवती फुगीर जागा लागते. 5.8 गिगाहर्ट्झला, अडीच किलोमीटरच्या मध्यावर, त्या जागेची त्रिज्या सुमारे 5.7 मीटर येते आणि तिचा निदान 60 टक्के भाग मोकळा असावा लागतो. म्हणजे रेषेच्या खाली साडेतीन मीटरपर्यंत एकही फांदी नको.

ही पाहणी उन्हाळ्यात केली असती तर फसवी ठरली असती, कारण तेव्हा निम्मी झाडं निष्पर्ण असतात. वाड्यातल्या एका अण्णांनी हे आधी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "श्रावणात या, तेव्हा बघा काय दिसतं ते." पाहणी श्रावणात झाली. पंचायतीच्या गच्चीवरून वाड्याचा मारुती दिसत नव्हता, शाळेच्या टाकीवरून दिसत होता. डिश टाकीवर बसली.

दुवा सुरू झाल्यावर पहिलं संकट आलं ते पावसाचं नव्हतं, वळवाचं. एप्रिल-मेच्या विजांनी वाड्याकडचं यंत्र जळालं. डिशच्या खांबाला नीट अर्थिंग आणि तारेला विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवल्यावर ते थांबलं. मग वीज जाण्याचा प्रश्न. पंचायतीची डबी, स्विच आणि डिश मिळून साधारण 25 वॅट घेतात. दहा तासांचे 250 वॅट-तास झाले. 12.8 व्होल्ट, 30 अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी 384 वॅट-तास देते, म्हणून ती निवडली. इन्व्हर्टरची जुनी शिशाची बॅटरी स्वस्त होती, पण रोज खोलवर उतरून ती लवकर बसते.

पैसा आणि जबाबदारी

वाड्यातल्या एका हुशार पोरानं सुचवलं होतं, एकच घरगुती जोडणी घेऊ, सगळ्यांना पासवर्ड देऊ, महिन्याला थोडे थोडे पैसे गोळा करू. हेतू चांगला होता. पण जोडणी विकत घेऊन पुढं विकायला परवाना लागतो. आणि त्या जोडणीवरून कुणी गुन्हा केला तर पोलिस ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्या दारात येतात. हे समजावून सांगितल्यावर त्यानंच दुसरा मार्ग धरला. गावात त्याचं रिचार्जचं दुकान आहे. परवानाधारक सेवादात्याचा स्थानिक भागीदार होऊन तो आता घरोघरी जोडण्या देतो, बिल वसूल करतो आणि महसुलातला वाटा घेतो.

ज्यांना घरची जोडणी परवडत नाही त्यांच्यासाठी वाड्यातल्या समाजमंदिरात पीएम-वाणी योजनेतलं सार्वजनिक वाय-फाय आहे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत चहाच्या टपरीलाही परवाना न घेता, शुल्क न भरता वाय-फाय देता येतं. वापरणाऱ्याची ओळख फोनवरच्या ओटीपीनं पटते. अशा केंद्रांकडून पूर्वी व्यावसायिक लीज लाइनचे चढे दर मागितले जात. जून 2025 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं त्याला आळा घातला. 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला त्याच क्षमतेच्या घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही.

यंत्रं, खांब, बॅटरी पंचायतीनं पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून घेतली. तो निधी पगारावर खर्च करता येत नव्हता. भारतभर अशा योजना इथंच मरतात, असं मला वाटतं. वस्तू घ्यायला पैसा असतो, वस्तूकडं बघणाऱ्या माणसाला नसतो. या गावानं भागीदार पोराशी लेखी करार केला. पंचायतीची जागा आणि टाकी वापरायला भाडं नाही. त्या बदल्यात शाळा, उपकेंद्र, ग्रंथालय आणि समाजमंदिर चोवीस तासांत दुरुस्त करून द्यायचं आणि पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा फांद्या छाटायच्या. फांदीचं कलम काकूंनी घालायला लावलं.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटसाठी 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. त्यात तार एकेरी न ठेवता वर्तुळात फिरवायची, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून सेवा चालेल, आणि दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे. हे योग्य दिशेचं पाऊल आहे. तरी देखभालीचा करार दिल्ली-बंगळूरला झाला म्हणून वाड्यातली फांदी कुणी छाटणार नाही, त्याला वाड्यातलाच माणूस लागतो.

ग्रंथालयातली खुर्ची

आता माझ्या दृष्टीनं या प्रकरणाचा गाभा. कर्नाटकातल्या ग्रामपंचायत ग्रंथालयांना गेल्या काही वर्षांत संगणक मिळाले, त्यांना अरिवु केंद्र म्हणतात. इथल्या ग्रंथपाल ताईंनी संगणकासमोर दोन खुर्च्या ठेवल्या, एक वापरणाऱ्याची, एक त्यांची. त्यांचा नियम असा की कीबोर्डला हात वापरणाऱ्याचाच लागेल. पिन आणि ओटीपी टाकताना त्या तोंड फिरवतात. वेळ लागतो, रांग लागते, पण बायका तिसऱ्या-चौथ्या खेपेला स्वतःचं खातं स्वतः बघू लागल्या. आधारवर अंगठा लावून पैसे काढायचे असतील तर रक्कम आधी मोठ्यानं वाचायची आणि पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही, हेही त्यांनीच लावून दिलं. अंगठा नको तेव्हा बायोमेट्रिक लॉक कसं करायचं, हे आधारच्या ॲपवर त्या दाखवतात.

मार्च 2025 मध्ये खानापूर तालुक्यातच एका वयोवृद्ध दांपत्यानं 'डिजिटल अटके'च्या नावाखाली झालेल्या लुबाडणुकीनंतर जीव दिला. सगळा तालुका हादरला. त्यानंतर काही दिवसांनी वाड्यातले एक निवृत्त हवालदार ग्रंथालयात आले. हातात फोन, चेहरा उतरलेला. म्हणाले, "ताई, व्हिडिओ कॉल मोठ्या स्क्रीनवर कसा घ्यायचा ते सांगा. दिल्लीचे साहेब बोलूलेत. कुणाला सांगायचं नाही म्हणालेत." ताईंनी फोन मागितला नाही, वाद घातला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "काका, फौजेत कधी कुणी फोनवर अटक केलेली बघितलीय का?" हवालदार बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनीच फोन कापला. त्यांच्या आधारवरून परदेशात पार्सल गेलंय, पेन्शन गोठवणार, पैसे 'तपासणीसाठी' एका खात्यावर टाका, अशी बतावणी होती. पैसे गेले नव्हते. तरी ताईंनी तो नंबर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर संशयास्पद कॉल कळवायच्या चक्षू सुविधेत नोंदवायला त्यांना बसवलं.

भारतीय कायद्यात डिजिटल अटक असं काही नाही. पोलिस, सीबीआय, ईडी, न्यायालय, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. हे वाक्य पेपरात, टीव्हीवर, कॉलर ट्यूनवर शंभरदा ऐकूनही हवालदार घाबरले होते. भीती बसली की ऐकलेलं आठवत नाही, जवळच्या माणसानं विचारलेला प्रश्न कानात शिरतो. लुबाडणारे पहिली अट घालतात ती 'कुणाला सांगू नका' ही. म्हणून गावात विचारायला जागा असणं, आणि तिथं विचारल्यावर कुणी हसत नाही असा विश्वास असणं, याला मी तारेइतकंच महत्त्व देतो.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. हा क्रमांक ग्रंथालयात, दूध डेअरीत आणि समाजमंदिरात रंगानं लिहिलेला आहे. तो लगेच लावला तर पैसा पुढच्या खात्यांत पसरायच्या आत बँका तो रोखू शकतात, उद्या सकाळी जाऊ म्हटलं तर बहुधा हाती काही लागत नाही. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या किंवा वाहन दंडाच्या नावानं येणाऱ्या एपीके फाइली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइली, उघडायच्या नाहीत, हे पोरांनी घरोघरी जाऊन सांगितलं. एका घरात ती फाइल आधीच उघडली गेली होती. तिथं सिमकार्ड काढून, बँकेला कळवून, फोन पूर्ण पुसूनच परत वापरला.

सीमाभागाची एक वेगळी अडचण. कर्नाटक सरकारच्या सेवासिंधूसारखी संकेतस्थळं कन्नड आणि इंग्रजीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. वाड्यातल्या म्हाताऱ्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. फोनचा कॅमेरा धरून मराठी करून घेण्याची सोय त्यांना देवासारखी वाटली. नोटीस कशाबद्दल आहे एवढं कळायला ती उत्तम आहे. पण हिस्सा, बोजा, हक्काचा प्रकार हे रकाने यंत्र चुकीचंही सांगतं, आणि एका भाऊबंदकीत त्यावरून भांडण पेटायची वेळ आली होती. ताईंनी मग पद्धत घातली. सर्व्हे नंबर आणि क्षेत्राचे आकडे आपण जुळवायचे, बाकीचा मजकूर कन्नड शिकवणाऱ्या गुरुजींकडून वाचून घ्यायचा, आणि सही करण्याआधी नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, विचारायचं.

पोरांच्या बाबतीत गावाचं एकमत झालेलं नाही. ऑनलाइन रमीत पैसे घालवलेले दोघेतिघे वाड्यात आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तेव्हा त्यांच्या आयांना सुटल्यासारखं वाटलं. समाजमंदिराचं वाय-फाय रात्री दहाला बंद होतं. काही पालकांना ते आठलाच हवंय, गोव्याहून रात्री पोरांशी बोलणाऱ्या बापांना अकरापर्यंत. दर ग्रामसभेत वेळ बदलायची मागणी येते आणि मतं घेतली जातात.

दहावीच्या पोरांना आता घरी बसून गणिताचे धडे बघता येतात. उपकेंद्रातल्या सिस्टर ई-संजीवनीवर डॉक्टरांना रुग्ण दाखवतात. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये चेहरा दाखवून फोनवरच होतो. भागीदार पोराचा करार पुढच्या वर्षी संपतोय आणि त्याला बेळगावात नोकरीचं बोलावणं आलंय. त्याच्या हाताखाली वाड्यातल्या दोन मुली जोड करायला आणि मीटर वाचायला शिकताहेत. पुढचा करार त्यांच्या संघाच्या नावानं करावा, असा ठराव काकूंनी येत्या ग्रामसभेसाठी दिला आहे.